शिमग्याचा झेंडा

चिमा हिलमबद्दल गेल्या वर्षभरात पेणपासून रोह्यापर्यंत पुष्कळ बोललं गेलं. बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तिला पाहिलेलं नाही. मी तिला वीस-बावीस पावसाळे पाहत आलोय, म्हणून हे लिहायला घेतलं. लिहिण्याची मला सवय नाही. चार ओळी लिहिल्या की तीन खोडाव्याशा वाटतात. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते तरी चुकायचं नाही, एवढ्या भरवशावर लिहितो.

जोह्यात ज्या कारखान्यात मी गणपतीचे डोळे आखतो, तिथे चिमा पावसाळाभर कामाला असते. माती मळायची, साच्यातून निघालेल्या कच्च्या मूर्ती वाळायला बाहेर मांडायच्या, सर आली की पुन्हा आत घ्यायच्या. पन्नाशीची, काटक बाई. हातात मूर्ती असली की तिची चाल अशी, की डोक्यावर भरली कळशी असती तरी हिंदकळली नसती. मूर्ती खाली ठेवली की मात्र तिचे पाय एका जागी ठरत नाहीत. भाकरीसुद्धा उभ्याने खाते.

"बस गो जरा," मी म्हणायचो.

"बसलं का समदं आठवतं, नाथाभाव," ती म्हणायची, आणि दाराशी जाऊन आभाळ बघायची.

तिची वाडी बोरमाळ. कासू स्टेशनला उतरून डोंगराच्या अंगाला चालत गेलं की कारवीच्या कुडाची कातकऱ्यांची घरं लागतात, तीच. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की ही वाडी रिकामी होते. कोणी पनवेलकडे, कोणी कर्जतकडे, कोणी घाटावर, विटांच्या नाहीतर कोळशाच्या भट्ट्यांवर. चिमा आणि तिचा नवरा काळू रोह्याला जातात, अष्टमी गावाच्या पुढे कुंडलिका नदीच्या काठाला एका वीटभट्टीवर. पोरं, कोंबड्या, भांडी सगळं बरोबर. दाराला कुलूप नसतं, बोरीच्या काट्या लावून ठेवतात. मागे उरतात ती कुत्री आणि ज्यांना आता विटा उचलवत नाहीत अशी एक-दोन म्हातारी माणसं. पावसाच्या तोंडावर सगळे परत येतात. मध्ये एकदाच येतात, शिमग्याला. होळीच्या दिवशी वाडी भरते आणि धुळवडीनंतर एक-दोन दिवसांत पुन्हा पांगते. शेठ लोक बाकी कशाला सोडत नाहीत, पण शिमग्याला सोडावंच लागतं. नाही सोडलं तर कातकरी न सांगता उठून जातो, हे त्यांना ठाऊक असतं.

आता झेंड्याचं सांगतो.

वाडीत पूर्वी एका खोलीची शाळा होती. कमळाकर मास्तर तिथे शिकवायला होते. एका सव्वीस जानेवारीला ते नवा झेंडा आणि जिलेबीचा पुडा घेऊन वाडीत गेले, तर वाडीत चिटपाखरू नाही. चिमाची सासू धोंडुबाई तेवढी उन्हात बसलेली. मास्तर नवीनच होते, त्यांना भट्ट्यांचं गणित माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, माणसं कामावर गेलीत, सांजेपर्यंत येतील. त्यांना गाडी गाठायची होती. त्यांनी झेंडा म्हातारीच्या हातात दिला आणि सांगितलं, माणसं आली की लावा, आणि सगळ्यांची हजेरी घ्या.

धोंडुबाईने झेंडा तांदळाच्या डब्यात ठेवला. माणसं आली ती शिमग्याला. धुळवडीच्या सकाळी म्हातारीने सगळ्यांना ओढ्यावर आंघोळ करून यायला लावलं, बांबू रोवला, झेंडा लावला, आणि घराघरातल्या कर्त्या माणसाचं नाव घेऊन हाक मारली. प्रत्येकाने "हाय" म्हणायचं. मास्तरांनी सांगितलेलं तिने तंतोतंत केलं होतं. मास्तरांना ते कळलं तेव्हा हसू आवरेना, पण त्यांनी मोडता घातला नाही. पुढे त्यांची बदली झाली, शाळाही पटाअभावी बंद पडली. झेंडा राहिला. धोंडुबाई गेल्यावर तो चिमाकडे आला. तिचा नियम एकच. आधी झेंडा, मग रंग, मग दारू. झेंड्याआधी ज्याच्या तोंडाला वास येईल त्याला ती रांगेतून हाताला धरून बाहेर काढते, मग तो काळू का असेना. काळू दोनदा निघालाय.

तिथे 'जन गण मन' म्हणतात तेही ऐकण्यासारखं असतं. शाळेत गेलेल्यांना पुढचं येतं, बाकीचे गुणगुणत राहतात, आणि शेवटच्या 'जय हे'ला मात्र सगळी वाडी असा आवाज लावते की ओढ्यापलीकडची गुरं माना वर करतात.

पण चिमाचा जीव असतो तो त्यानंतरच्या हजेरीत. वर्षातून तेवढ्या एका सकाळी सगळी वाडी एका रांगेत उभी असते. कोण कुठल्या भट्टीवर गेला आणि कोण परत आला, हे तिथेच कळतं. एका शिमग्याला कान्हू वाघमारेच्या घराची हाक पडली आणि उत्तर आलं नाही. लोक म्हणाले, येईल उद्या. चिमा थांबली नाही. काळूला घेऊन घाटावर गेली, तर कान्हू तापाने फणफणून एका पत्र्याच्या शेडमध्ये पडलेला, आणि काम अर्धवट म्हणून त्याला कोणी सोडायला तयार नाही. तिने त्याला पाठीवर घेऊन आणलं म्हणतात. पाठीवर की कसं ते मी पाहिलेलं नाही, पण आणलं हे खरं. कान्हू आज रांगेत उभा असतो आणि सगळ्यांत मोठ्याने "हाय" म्हणतो.

मागल्या वर्षीच्या धुळवडीला वाडीखालच्या गावातला साहिल मोटारसायकलवरून वाडीच्या बाजूने चालला होता. हा पोरगा रोह्याला कंपनीत कामाला आहे. त्याने झेंडा पाहिला, बाजूला होळीची राख पाहिली, फोन काढून चित्रण केलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, बघा, आमच्याकडे धुळवडीला प्रजासत्ताक दिन. त्याच्या मनात वाईट होतं असं मी म्हणणार नाही, त्याला गंमत वाटली. पण ते गावाच्या ग्रुपवरून पेणच्या ग्रुपवर गेलं, तिथून रोह्याला, आणि प्रत्येक ठिकाणी गंमत थोडी कमी होऊन राग थोडा वाढत गेला.

मग रोह्याचा एक तरुण माईक घेऊन भट्टीवर पोचला. चिमा विटांची थप्पी लावत होती. त्याने विचारलं, तुम्हाला सव्वीस जानेवारी मान्य नाही का? ती म्हणाली, "ती तारीख आमच्या उपयोगाची नाय. तवा आमी हितं भट्टीवर असतो, वाडीत कोन नसतं." त्याने पहिलं वाक्य ठेवलं आणि दुसरं कापलं. वर मथळा दिला की प्रजासत्ताक दिनाची तारीख बदला, आदिवासी महिलेची मागणी. तिने कुणाकडे काही मागितलंच नव्हतं.

त्यानंतर महिना-दोन महिने जिथे जावं तिथे तेच. पेण स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, रोह्याच्या गाडीत. एक म्हणायचा, ती तारीख उगाच पडलेली नाही, घटनेच्या वीस वर्षं आधी त्याच दिवशी लोकांनी स्वराज्याची शपथ घेतली होती, ती हलवायची म्हणजे काय. दुसरा म्हणायचा, घटना ज्यांच्यासाठी लिहिली तीच माणसं त्या दिवशी हजर नसतील तर तारीख धरून काय करायचंय. तिसऱ्याला एवढंच हवं होतं की सुट्टी दरवर्षी सोमवारी द्यावी, म्हणजे शनिवारपासून अलिबागला जाता येईल. आमच्या कारखान्यातही वाद. शेठची सून किमया परदेशी जाणाऱ्या मूर्तींचं बघते. ती खोक्यांवर पत्ते चिकटवता चिकटवता म्हणाली, "अमेरिकेतली मंडळं गणपती शनिवार-रविवार बघून बसवतात. आपण इथून मूर्ती पाठवतो आणि वर शुभेच्छाही देतो. त्यांना कोणी विचारलं का, तिथी कुठे गेली?" सगळे हसले. एक रंगारी म्हणाला, वहिनी, त्यांना व्हिसा आहे. पुन्हा हसले आणि वाद जिथल्या तिथे राहिला.

मला राहवेना. मी पेणहून रोह्याची गाडी धरली आणि भट्टीवर गेलो. चिमाला बाहेर काय चाललंय याचा पत्ता नव्हता. मी जमेल तसं सांगितलं. ती ऐकताना विटा पालथ्या करत होती, एकीकडून वाळलेल्या दुसरीकडे वळवत.

"म्हंजे देसाची तारीख मी बदलाय निघाले?" ती म्हणाली.

"तसं म्हणतायत."

"आनी देस काय बोलला?"

काळू पलीकडून हसला. ती नाही हसली. हातातली वीट तिने दोनदा उलटसुलट केली आणि मला विचारलं, शिमग्याला झेंडा लावू देतील ना? तारखेचं, मथळ्याचं तिला काही नव्हतं. तिचा प्रश्न तेवढाच होता.

येताना अष्टमीत कमळाकर मास्तरांकडे डोकावलो. ते तिथेच स्थायिक झालेत. माणसं आली की लावा, हे आपण कोणत्या अर्थाने म्हणालो होतो ते त्यांनीच मला त्या दिवशी सांगितलं. मी म्हटलं, ग्रामसभेत येऊन एवढंच सांगा. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, या वयात आता माझ्या नावाने चौकशीचा कागद निघायला नको, नाथाभाऊ. मी आग्रह केला नाही. मला स्वतःला चार माणसांत उभं राहवत नाही, दुसऱ्याला कुठल्या तोंडाने सांगणार.

ग्रामसभा पंधरा ऑगस्टला झाली. गणपती तोंडावर आलेले, कारखान्यात मान वर करायला फुरसत नाही, तरी मी गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. पावसाळा म्हणून सगळी बोरमाळ वाडी हजर होती. सरपंच स्वप्नाली ही तिशीतली, समजूतदार मुलगी. तिने साहिललाच पहिलं बोलायला सांगितलं. तो म्हणाला की तारीख म्हणजे तारीख, ती कुणाच्या सोयीने पुढेमागे करता येत नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "साहिल, सव्वीसला तू कुठं असतोस रे? डबल पगाराच्या शिफ्टला ना?" सभा हसली. साहिल लाल झाला, पण खाली बसला नाही. तो म्हणाला, मी चुकत असेन तर मलाही सांगा, पण नियम सगळ्यांना एक हवा.

मग चिमा उठली. तिला उठ म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

"आमच्या वाडीत समद्यांचा जलम एक जूनचा हाय," ती म्हणाली. "माजा, काळूचा, कान्हूचा, पोरांचा. शाळेत नाव घालताना मास्तर लोकांनी लिवला. कुनाच्या सोयीनं लिवला, साहिलदादा? आमी काय बोललो का?"

आता हसणं मघाच्या दुप्पट झालं. आमच्या गावांतल्या म्हाताऱ्यांचेही वाढदिवस एक जूनलाच आहेत, त्यामुळे हसणाऱ्यांत तेही होते. हशा ओसरल्यावर स्वप्नालीने सरळ विचारलं, "चिमाबाई, पण धुळवडीलाच का?"

"मानसं असतात," चिमा म्हणाली आणि बसली.

तिला हजेरीचं सांगता आलं असतं. सांगितलं नाही. विचारलं तेवढ्यालाच उत्तर द्यायचं, ही तिची भट्टीवरची सवय. ग्रामसेवकाचं म्हणणं पडलं की वाद नको, पंचायतीनेच वाडीत लोखंडी खांब उभारावा आणि येत्या सव्वीस जानेवारीला रीतसर ध्वजारोहण करावं, म्हणजे वाडीचाही मान राहील. धुळवडीचं मात्र बंद. ठरावावर हात वर झाले. वाडीतलेही काही झाले, कारण खांब मिळत होता. जुना झेंडा विटलाय, कडेला उसवलाय, असा लावणं बरोबर नाही, तो आमच्याकडे द्या, मानाने त्याची व्यवस्था लावू, असंही ग्रामसेवक म्हणाला. यात त्याचं चुकीचं काही नव्हतं. चिमाने दुसऱ्या दिवशी झेंडा नेऊन दिला. धुऊन, घडी घालून. त्यानंतर गणपती जाईपर्यंत ती कारखान्यात कामापुरतं बोलली. मूर्ती बाहेर, मूर्ती आत. आभाळ बघायलासुद्धा दाराशी थांबेना.

दिवाळीनंतर वाडी पांगली. जानेवारीत स्वप्नालीने मला फोन करून सांगितलं, चिमाबाईंना घेऊन या, त्यांच्या हातून झेंडा लावायचाय. मी भट्टीवर निरोप पोचवला. भट्टी पेटलेली होती. शेठ म्हणाला, एकटी जाईल, दुपारपर्यंत परत. चिमा सकाळच्या गाडीने कासूला उतरली. मी फलाटावर होतो. हातापायांना विटांची लाल धूळ तशीच, लुगडं मात्र धुतलेलं. रस्ताभर ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती.

वाडीत नवा खांब चकाकत होता. खाली चुन्याची रांगोळी, दोन खुर्च्या, स्पीकर. स्वप्नाली, ग्रामसेवक, पंचायतीचे तीन-चार जण, आणि साहिल. या खेपेला त्याने शिफ्ट सोडली होती. बाकी सगळी घरं काट्या लावून बंद. म्हातारी इंदुबाई मुकणे आपल्या उंबऱ्यावर बसलेली. दोन कुत्री स्पीकरच्या आवाजाला भुंकत होती.

चिमाने दोरी ओढली, झेंडा उलगडला. राष्ट्रगीत नीट, पूर्ण, सुरात झालं. इतकं नीट या वाडीत कधी झालं नसेल, आणि 'जय हे'ला कुत्र्यांनीही कान टवकारले नाहीत. स्वप्नालीने छोटंसं भाषण केलं. बोलता बोलता तिची नजर बंद दारांवरून फिरत होती आणि शब्द कमी होत चालले होते. शेवटी ती म्हणाली, चिमाबाई, तुम्ही दोन शब्द बोला.

चिमा खांबाच्या बाजूला उभी राहिली आणि तिने घरांकडे तोंड करून हाक मारली.

"काळू हिलम."

थांबली. मग स्वतःच म्हणाली, "रोह्याला, भट्टीवर."

"कान्हू वाघमारे." पुन्हा थांबली. "पनवेलकडं."

"इंदुबाई मुकणे."

"हाय गो," उंबऱ्यावरून आवाज आला.

पंचायतीतला एक जण हसला. त्याला वाटलं गंमत चाललीय. चिमा पुढच्या घराकडे वळली, मग त्याच्या पुढच्या. नाव, थांबणं, भट्टीचं गाव. हसणारा गप्प झाला. ग्रामसेवक खुर्चीवरून उठून उभा राहिला, का ते त्यालाही कळलं नसावं. कडेच्या घराशी ती आली.

"रवी पवार."

ती या वेळी जास्त थांबली. पुन्हा हाक मारली. मग म्हणाली, "ठाव नाय."

"ठाऊक नाही म्हणजे?" स्वप्नालीने विचारलं.

"दिवाळी झाली का मुकादम टेंपोत घालून घेऊन गेला. घाटावर, एवढंच बोलला. फोन लागत नाय. भाग्यश्री पोटुशी व्हती, सातवा लागलेला." भाग्यश्री म्हणजे रवीची बायको.

"अहो, मग तक्रार नाही का करायची? तीन महिने होत आले."

"कुनावर करू? मुकादमाला समदे आन्ना बोलतात. नाव कोनाला म्हाईत?" चिमा म्हणाली. "शिमग्याला कळतं. शिमग्याला समदे येतात. नाय आला तो अडकला. दहा भट्ट्यांवरची मानसं येतात, कोनीतरी कुटंतरी पायलेला असतो. झेंड्याखाली उबं केलं का बोलतात. नायतर जो तो आपल्या घरी पिऊन पडंल."

एवढं सलग बोललेलं मी तिला कधी ऐकलं नव्हतं. जिलेबीचा पुडा होता तो इंदुबाईला दिला. चिमाला गाडी गाठायची होती. स्वप्नाली आमच्याबरोबर वाडीच्या टोकापर्यंत आली आणि म्हणाली, ठराव झालाय खरा, पण खांबाची दोरी काढून न्यायची असं काही त्यात लिहिलेलं नाही. त्यानंतर तिने पोलिसांकडे चौकशी केली होती, हे मला मागाहून कळलं. आण्णा या नावावर कोण कुठे शोधणार?

शिमगा येईपर्यंत मला स्वस्थता नव्हती. दोनदा मी काहीच काम नसताना रोह्याला जाऊन आलो. चिमाही तशीच. वीट थापता थापता मधेच उठायची, रस्त्यावरून टेंपो गेला की थांबून बघायची.

होळीच्या दिवशी वाडी भरत गेली. कोण चालत, कोण एसटीने, कोण ट्रकच्या मागे. मी दुपारपासून तिथेच होतो. रवीच्या दाराच्या काट्या संध्याकाळपर्यंत निघाल्या नाहीत.

धुळवडीच्या सकाळी सगळे ओढ्यावरून आंघोळ करून आले. स्वप्नालीने नवा झेंडा आणला होता. तिच्याबरोबर तिच्या घरची जीप, चालवायला साहिल. त्याने फोन खिशातच ठेवला. रांग लागली. 'जय हे' झालं, गुरांनी माना वर केल्या. चिमाने हजेरी सुरू केली. "हाय," "हाय," असं रांगेतून येत होतं, कान्हूचं सगळ्यांत मोठं.

"रवी पवार."

कोणी बोललं नाही.

"रवी पवार," चिमा पुन्हा म्हणाली. "कोनी पायला?"

रांगेत चुळबूळ झाली. माणसं एकमेकांकडे बघू लागली. कोणी म्हणालं भोरकडे असेल, कोणी म्हणालं नाही. मग मुळशीकडच्या भट्टीवरून आलेला अमोल मुकणे खाली बघत म्हणाला की रवीला नाही पाहिला, पण आण्णाचा तो निळा टेंपो पाहिलाय. कोळशाच्या भट्ट्या आहेत तिथे, डोंगरात, रस्ता संपतो त्याच्या वर. पाणी न्यायला तो टेंपो खाली येतो.

"आदी का नाय बोललास रं?" चिमाने विचारलं.

"कोनी इचारलं नव्हतं," अमोल म्हणाला.

चिमाने पुढची नावं घेतली. हजेरी तिने अर्धी टाकली नाही. शेवटच्या घराचं "हाय" आलं तशी ती रांगेसमोरून सरळ जीपकडे चालू लागली. स्वप्नाली तिच्यामागे. अमोलला वाट दाखवायला घेतलं. रंग कुणी कुणाला लावला नव्हता अजून. जीपमध्ये बसताना चिमाने मला हाक मारली.

"नाथाभाव, सांज व्हायच्या आत उतरव. आनी तुज्याकडं ठेव, डबा मी नाय आनला."

सूर्य डोंगराआड जायच्या आधी मी झेंडा उतरवला. घडी घालायला कान्हूने मदत केली. घरी आणून माझ्या कुंचल्यांच्या पेटीत ठेवला. त्या पेटीत रंगाचा डाग लागेल म्हणून काढला, कपाटात ठेवला. कपाटात जुने कपडे म्हणून तिथूनही काढला. शेवटी देव्हाऱ्याच्या फळीवर कोऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी काही निरोप नाही. तिसऱ्या दिवशी नाही. साहिलचा फोन लागत नव्हता. गावाच्या ग्रुपवर मात्र कोणीतरी धुळवडीच्या झेंड्याचा फोटो टाकला होता आणि पुन्हा सगळं सुरू झालं होतं. तारीख, अपमान, घटना, सुट्टी सोमवारी. मी ते वाचत होतो आणि कुठे रवीचं नाव येतं का बघत होतो. येत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी साहिलच्या नंबरवरून फोन आला. बोलली चिमा.

"गावले," ती म्हणाली. "पोरगी झालीय भाग्यश्रीला. डोंगरातच झाली. लहान हाय, पन रडते चांगली. आन्ना सोडत नव्हता. आता सोडलं, सरपंचबाईंनी तितल्या पोलिसांना आनलं. डागदर बोलला दोन दिस ठेवा. परवा घेऊन येते."

मी विचारलं, "तू बरी हायस ना गो?"

"मला काय धाड भरलीय. तू परवा सकाळी झेंडा घेऊन वाडीवर ये. रवीची हजेरी राह्यलीय."

मी म्हटलं, अगो, पण वाडी पांगली असेल, भट्टीवर परतायला हवं ना सगळ्यांना.

"नाय पांगली," चिमा म्हणाली. "काळूचा फोन आलता. शेठ लोक बोंबलतात, पन समदी बसलीत. बोलतात, पोरगी बगूनच जाऊ."

फोन ठेवल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरात परवाचा दिवस पाहिला. साधा सोमवार. त्या चौकोनात लाल काही नव्हतं, कोपऱ्यात बायकोने केलेली दुधाची खूण तेवढी होती. मी देव्हाऱ्यावरून झेंडा काढला, घडी बरोबर आहे ना बघितलं, परत ठेवला. मग कासूला सकाळची पहिली गाडी किती वाजता, ते विचारायला बाहेर पडलो.